गुरांच्या डॉक्टरांची पुन्हा शाळा

२००६ सालच्या ऑगस्टमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळले आणि आपल्याला वर्गात नवाऐवजी आठ ग्रह शिकवावे लागले. त्या वर्षी एखाद्या शिक्षकाने चुकून नऊ ग्रह सांगितले असतील, तरी त्यामुळे आकाशात काही बिघडले नाही. पण त्याच वर्षी आपल्या देशातील गुरांच्या डॉक्टरांनाही एक जुना धडा पुसून नवा शिकावा लागला. तो काहींपर्यंत पोचला, काहींपर्यंत पोचला नाही, आणि त्याची किंमत मोठी पडली. नोकरी-व्यवसायात असलेल्या माणसाला पुन्हा शिकवणे का आवश्यक असते आणि ते इतके अवघड का असते, हे या उदाहरणावरून चांगले समजते.

पदवी जुनी होते

पशुवैद्यकाचे शिक्षण पाच-साडेपाच वर्षांचे असते. त्यानंतर तो तीस-पस्तीस वर्षे काम करतो. तेवढ्या काळात रोगही बदलतात आणि औषधेही.

पूर्वी बुळकांडीच्या साथीत गावेच्या गावे गुरांवाचून ओस पडत. हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे २०११ साली जाहीर झाले. म्हणजे जुन्या डॉक्टरांनी कसून अभ्यासलेला एक रोग आता पाहायलाही मिळत नाही. उलट, अंगावर गाठी आणणारा लम्पी हा त्वचारोग भारतात प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला आणि २०२२ साली महाराष्ट्रभर पसरला. त्यापूर्वी पदवी घेतलेल्या आपल्याकडील बहुतेक डॉक्टरांनी त्याची लक्षणे फार तर पुस्तकात वाचलेली होती.

नवा रोग आला की डॉक्टर स्वतःच चौकशी करतो, कारण आजारी जनावर समोर उभे असते. तिसऱ्या प्रकारचा बदल मात्र अधिक कठीण असतो. रोग जुनाच, औषधही नेहमीचे आणि गुणकारी. पण ते वापरू नये असे नंतर कळते. डायक्लोफिनॅकच्या बाबतीत असेच झाले.

चांगले औषध, वाईट परिणाम

डायक्लोफिनॅक हे ताप, सूज व वेदना कमी करणारे औषध आहे. माणसांसाठी ते आजही वापरतात. १९९० च्या दशकात ते आपल्याकडे गुरांसाठीही मिळू लागले. स्वस्त, आणि गुण लगेच. गाय लंगडत असो, कास सुजून दगडासारखी झालेली असो किंवा अंगात ताप असो, सकाळी इंजेक्शन दिले की संध्याकाळी ती वैरणीला तोंड लावी.

त्याच दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांना गिधाडे झपाट्याने कमी होताना दिसली. पुढे देशभर तेच आढळले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या हजारात एकाइतकी उरली.

कारण शोधायला वेळ लागला. मेलेल्या गिधाडांच्या आतड्यांवर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसे. तो युरिक आम्लाचा होता. पक्षी शरीरातील टाकाऊ नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतात. मूत्रपिंडे बंद पडली की हे आम्ल रक्तात साठते आणि अवयवांवर त्याचे थर बसतात. पण मूत्रपिंडे कशाने बंद पडत होती? लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात हा शोध घेऊन २००४ साली प्रसिद्ध केला. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या ज्या २५ गिधाडांची त्यांनी तपासणी केली, त्या सर्वांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही ते नव्हते. इंजेक्शन दिल्यावर थोड्याच दिवसांत मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जात होते.

अनुभव इथे का फसवतो?

अनुभव हा मोठा गुरू, असे आपण म्हणतो. पण गावोगाव फिरणाऱ्या डॉक्टराचा अनुभव त्याला काय सांगत होता? औषध दिले, गाय उठली, मालक समाधानी झाला. शंभर वेळा दिले, बहुतेक वेळा गुण आला. जी जनावरे दगावली ती गावाबाहेर टाकली गेली. गिधाडे मेली ती तिथून दूरवर, काही दिवसांनी, एखाद्या झाडाखाली. इंजेक्शन आणि मेलेले गिधाड या दोन गोष्टी एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर कधी आल्याच नाहीत. म्हणून वीस वर्षांचा अनुभवही त्याला ही चूक दाखवू शकत नव्हता. हे ज्ञान बाहेरूनच त्याच्यापर्यंत पोचायला हवे होते.

बहुतेकांना कळून भागत नाही

आता एक हिशेब पाहू. सगळी गिधाडे नाहीशी व्हायला किती मृत जनावरे विषारी असावी लागतील? आपल्याला वाटेल, निम्मी तरी. शास्त्रज्ञांनी २००४ साली केलेल्या गणितानुसार १३० ते ७६० मृत जनावरांपैकी एकात मारक मात्रा असली तरी पुरे होते.

हे वर्गातही करून पाहता येईल. सोपेपणासाठी धरू, की २०० पैकी एक जनावर मारक आहे आणि गिधाड दर तिसऱ्या दिवशी, म्हणजे वर्षातून सुमारे १२० वेळा जेवते. एका जेवणातून वाचण्याची शक्यता १९९/२००, म्हणजे ०.९९५. हा आकडा स्वतःशीच १२० वेळा गुणला तर सुमारे ०.५५ येतो. म्हणजे शंभर गिधाडांपैकी वर्षअखेर ५५ उरतील, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी १६. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. तूट भरून निघणार कशी?

या हिशेबाचा डॉक्टरांच्या शिक्षणाशी जवळचा संबंध आहे. वर्गात शंभरातल्या नव्वद मुलांना धडा समजला तर आपण समाधानाने पुढे जातो. इथे नव्वदांनी औषध थांबवले आणि दहांनी चालू ठेवले, तर गिधाडे मरतच राहणार. नवी माहिती आडगावच्या शेवटच्या डॉक्टरापर्यंत, आणि औषध विकणाऱ्या दुकानदारापर्यंतही पोचली पाहिजे.

कायदा मागून येतो

२००६ साली भारत, नेपाळ आणि पाकिस्तान यांनी गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. त्यानंतरच्या पाहणीत मृत गुरांमध्ये ते सापडण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, पण थांबले नाही. माणसांसाठीच्या औषधाच्या ३० मिलिलिटरच्या बाटल्या दुकानात मिळत होत्या आणि त्या गायीला पुरत होत्या. म्हणून २०१५ साली माणसांसाठीची बाटली ३ मिलिलिटरचीच असावी असा नियम झाला.

नुसते 'हे देऊ नका' सांगूनही चालत नाही. तापाने फणफणलेली गाय समोर असताना काय द्यायचे, हे डॉक्टराला सांगावे लागते. मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना अपाय करत नाही, असे २००६ साली दिसून आले. पुढे टॉल्फेनामिक आम्लही सुरक्षित आढळले. पण काहींनी डायक्लोफिनॅक सोडून ॲसिक्लोफिनॅक धरले. ते गायीच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफिनॅकच होते! केटोप्रोफेन गिधाडांना मारक असल्याचे २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. या दोन्ही औषधांवर बंदी आली ती २०२३ साली, आणि निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस. केटोप्रोफेनबाबतची माहिती आणि बंदी यांत तेरा वर्षे गेली. त्या काळात गिधाडांना वाचवू शकत होता तो फक्त वाचणारा, विचारणारा, अद्ययावत डॉक्टर.

शिकायचे कुठे, कसे?

ब्रिटनमध्ये प्रत्येक नोंदणीकृत पशुवैद्यकाने वर्षाला ३५ तास नवे शिकावे, असा तेथील रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स या संस्थेचा नियम आहे. आपल्याकडे १९८४ च्या कायद्याने पशुवैद्यकांची नोंदणी होते, आणि पशुवैद्यक परिषदा व महाविद्यालये डॉक्टरांसाठी वर्ग घेतात.

पण तासांच्या हजेरीने काम होतेच असे नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको; आपणही प्रशिक्षणांना बसलो आहोत. तालुक्याच्या दवाखान्यात एकट्याने काम करणाऱ्या डॉक्टराला आधार लागतो तो रोजच्या अडचणीत. मेलेल्या जनावराचे नमुने तपासून उत्तर देणारी प्रयोगशाळा, अवघड केस विचारता येईल असा जाणकार, आणि आपले चुकले ते मोकळेपणाने सांगता येईल अशी सहकाऱ्यांची बैठक. हे नसेल तर नव्या औषधाची माहिती त्याला मुख्यतः ते विकणाऱ्याकडूनच मिळते, आणि विकणारा औषधाचे दोष सांगायला येत नसतो.

आपल्या शाळेच्या गावात गुरांचा दवाखाना असेल, तर तिथल्या डॉक्टरांना एकदा वर्गात जरूर बोलवावे. मुलांनी त्यांना एकच प्रश्न विचारावा : कॉलेजात शिकलेली कोणती गोष्ट तुम्ही आता करत नाही? उत्तर ऐकून झाल्यावर मुले तोच प्रश्न आपल्यालाही विचारतील. तेव्हा आपले उत्तरही तयार असावे.