निवडुंगाचे भाग्य

आमच्या लहानपणी निवडुंगाची जागा गावकुसाला नाही तर शेताच्या कुंपणाला असे. त्याची लालभडक बोंडे फडक्यात घोळून, काटे झाडून आम्ही खात असू आणि जीभ रंगवून घरी आलो की मारही खात असू. त्याच निवडुंगाच्या कुळातली एक वेल आज मराठवाड्यात कुंपण सोडून थेट शेताच्या मध्यभागी खांबाला टेकून उभी आहे. बाजारात तिच्या फळाला ड्रॅगनफ्रूट म्हणतात.

फळ मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेचे. फ्रेंचांनी ते व्हिएतनामात नेले आणि तेथे ते रुजले. २०२१ च्या जानेवारीत गुजरात सरकारने त्याचे नाव 'कमलम्' ठेवले. नामांतराचे नवल आम्हां छत्रपती संभाजीनगरकरांना कोणी सांगावे! पण मला या फळाची गोडी लागली ती नावामुळे नव्हे, माझ्या एका विद्यार्थ्यामुळे.

हा मुलगा पैठण तालुक्यातल्या पाचोडकडचा. तो सगळा टापू मोसंबीचा. २०१२ च्या दुष्काळात त्यांची फळावर आलेली बाग वाळली. "सर, दादांनी झाडं तोडली त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही," असे तो सांगे. पुढे काही वर्षे कापूस करून २०१९ साली वडिलांनी एक एकर ड्रॅगनफ्रूट लावले. आता दुसऱ्या एकरासाठी कर्ज काढावे, असे मुलाच्या मनात होते. आईचा विरोध होता. "सर, तुम्ही दादांशी बोला," म्हणून श्रावणातल्या एका संध्याकाळी तो मला घेऊन गेला.

दहा-दहा फुटांवर सिमेंटचे खांब, एकरात सव्वाचारशेच्या घरात. प्रत्येक खांबाला चार रोपे आणि माथ्यावर एक कडे. त्या कड्यावरून फांद्या कारंज्यासारख्या खाली झुकलेल्या. "ह्या झाडाचा कारभार उलटा हाय, सर," दादा म्हणाले. "दिवसा तोंड मिटून बसतं आन् रातच्याला श्वास घेतं." शास्त्र हेच सांगते. निवडुंग रात्री पर्णरंध्रे उघडतो, म्हणून उन्हात त्याचे पाणी फारसे उडत नाही. मोसंबीला बारमाही पाणी हवे. हा थोडक्यात भागवतो. मात्र मुळाशी पाणी साचले की कुजतो, आणि पारा चाळिशीपलीकडे गेला की त्याच्या फांद्या भाजून पिवळ्या पडतात. माळेगावच्या (बारामती) केंद्रीय संशोधन संस्थेत या पिकावर काम झाले आहे.

रात्री नऊनंतर कळ्या उमलू लागल्या. आपल्या दारच्या कुंडीतल्या ब्रह्मकमळाची ही सख्खी चुलत बहीण. फूल तसेच, पण वीतभर मोठे. सकाळी ते मिटायचे. मूळ देशी वटवाघळे आणि मोठे पतंग हिचे परागीभवन करतात. इथे ते काम मुलाची आई करीत होती. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात कुंचला. एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावीत ती पुढे सरकत होती. कर्जाला विरोध करणारी ती बाई त्या बागेची सुईण होती!

"वहिनी, मग दुसरा एकर का नको?" मी विचारले.

"फळ तीस-पस्तीस दिवसांत तयार होतं, भाऊ, सगळ्यांचंच एकदम होतं. पहिल्या सालाला किलोमागं दीडशे आले. गेल्या सालाला पन्नासावर आले. मोसंबीनं पाण्यापायी रडवलं, हे भावापायी रडवील."

मुलगा काही बोलला नाही. दादा बराच वेळ खांबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मोसंबीच्या वेळी हिनं असंच सांगितलं होतं. सगळी जमीन एका झाडाच्या गळ्यात बांधू नका, म्हणून. मी ऐकलं नाही."

दुसरा एकर लागला नाही. त्याऐवजी घरच्याच पैशातून पहिल्या एकरावर उन्हाळ्यासाठी सावलीची जाळी आली आणि उरलेल्या रानात तूर राहिली. माझा काही सल्ला लागलाच नाही. मी आपला फुले बघून आलो.

महिन्याभराने मुलाने फळांची पेटी आणून दिली. वर आईच्या अक्षरात चिठ्ठी होती. ड्रॅगन नाही, कमलम् नाही. तिने लिहिले होते, 'निवडुंगाची बोंडं. काटे काढलेत.'