सायकल घेतली, पण मुलाच्या मापाची केली का?



चौथी-पाचवीनंतर खेड्यातल्या बऱ्याच मुलांची शाळा गावाबाहेर जाते. अंतर दोन-तीन किलोमीटर असतं, एसटीची वेळ जुळत नाही, म्हणून घरात सायकल येते. ठरावीक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींनाही सायकली मिळतात. सायकल आली की आपण तिला हार घालतो, नारळ फोडतो आणि दुसऱ्या दिवशी मूल रस्त्यावर! पण सायकल घेणं वेगळं आणि ती रोजच्या जाण्यायेण्यासाठी नीट तयार करणं वेगळं. हे दुसरं काम बहुतेक घरांत राहूनच जातं. त्याबद्दल आज बोलूया.

सगळ्यात पहिला प्रश्न मापाचा. गणवेश घेताना आपण दोन बोटं मोठा घेतो, "वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षी होईल." गणवेशाचं ठीक आहे, बाही दुमडता येते. सायकलचं तसं नाही. मोठ्या सायकलवर बसलेल्या मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, हाताची बोटं ब्रेकपर्यंत नीट पोचत नाहीत. समोरून अचानक म्हैस आली तर थांबायचं कसं? मग ते मूल उडी मारतं किंवा पडतं. म्हणून दुकानात २२ की २४ की २६ इंची एवढंच विचारू नका, मुलाला सोबत न्या. सीटच्या पुढे, दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून त्याला उभं करा. दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि दांडा अंगाला लागता कामा नये.

आता सीटची उंची. मुलाला सीटवर बसवा, तुम्ही सायकल धरा. एक पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवायला सांगा. पाय जवळजवळ सरळ झाला तर उंची बरोबर. मग पायाच्या पुढच्या भागाने पायडल मारताना गुडघा थोडासा वाकलेला राहतो आणि जोर नीट लागतो. नवशिक्या मुलासाठी मात्र सीट थोडी खाली ठेवा, दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत. धीर आला की महिन्याभराने वर घ्या. पान्याने दोन मिनिटांचं काम आहे. फक्त सीटच्या नळीवर एक खूण असते, ती बाहेर दिसेल इतकी नळी वर ओढू नका. मूल वाढतं, त्यामुळे दर सहामाहीला ही उंची पुन्हा बघा.

ब्रेकबद्दल जरा जास्त बोलावं लागेल. मूल ताशी १५ किलोमीटरने चाललं तरी एका सेकंदात चार मीटरपेक्षा जास्त पुढे जातं. म्हणजे "अरे बापरे" म्हणेपर्यंत वर्गाची अर्धी लांबी संपली! तपासणी सोपी आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरता कामा नये. मागच्याचंही तसंच बघा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर दांडी हँडलला टेकत असेल तर तार किंवा सळई सैल झाली आहे. ब्रेकचं रबर रिमलाच लागलं पाहिजे, टायरला घासलं तर टायर फाटतो. बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. नुसता तोच करकचून दाबला की मूल पुढे फेकलं जातं, आणि नुसता मागचा दाबला तर सायकल लवकर थांबत नाही. दोन्ही एकदम, बेताने दाबायची सवय शाळेच्या मैदानावर लावा. पावसात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून वळणाच्या आधीपासून हळूहळू दाबत राहायला सांगा.

हवेचं म्हणाल तर, मूल बसल्यावर मागचा टायर खाली किंचितच फुगलेला दिसावा. पसरट झाला तर हवा कमी. कमी हवेत सायकल जड चालते आणि दगडावर आपटून ट्यूबला भोक पडतं. पुन्हा पुन्हा हवा जात असेल तर लगेच पंक्चर समजू नका. व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी कुजलेली असते, ती अगदी स्वस्तात बदलून मिळते. बाभळीचा काटा मात्र खरंच पंक्चर करतो, त्याला इलाज नाही!

दप्तर कुठे ठेवायचं? हँडलला अजिबात नाही. हँडलला लटकवलेली डब्याची पिशवी वळताना झोके घेते आणि कधीतरी चाकाच्या तारांत जाते. दप्तर मागच्या कॅरियरवर, जुन्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधून. २०२० च्या स्कूल बॅग धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ३ किलो. शिक्षकांनो, इथे आपलंही काम आहे. सगळी पुस्तकं रोज मागवू नका. मुलींची ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारलेली असावी आणि चेनकव्हर शाबूत असावं. सलवार आणि बुटाची नाडी चेनमध्ये अडकून पडायला एक क्षण पुरतो.

हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. जादा तास किंवा खेळाचा सराव असला की मूल अंधारात परततं, आणि त्याच दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. मागच्या मडगार्डला लाल रेडियमची पट्टी, पुढे पांढरी, पायडलला पिवळी, एवढं तरी कराच. नंबरप्लेट करणाऱ्या दुकानात ही पट्टी मिळते. बॅटरीचा पुढचा दिवा घेतलात तर उत्तमच. सायकलला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, पण परवडत असेल तर मुलाच्या डोक्याच्या मापाचं घ्या. बाबांचं मोटारसायकलचं हेल्मेट लेकराच्या डोक्यावर नको, ते सैल बसतं आणि मान अवघडते. पावसाळ्यात एका हातात छत्री धरून सायकल चालवणं बंद म्हणजे बंद. अंगाबरोबरचा रेनकोट घाला आणि दप्तराला प्लास्टिकची पिशवी.

एक गोष्ट मुलांना हमखास गोंधळात टाकते. फुटपाथ नसेल तर चालताना उजव्या कडेने, समोरची वाहनं दिसतील असं चालायचं, हे आपणच शिकवतो. मग ती सायकलही उजवीकडून नेतात. सायकल हे वाहन आहे, ते डाव्या कडेनेच. हे वेगळं करून सांगा, मैदानावर चुन्याने रस्ता आखून दाखवा.

गणिताच्या तासालाही सायकल वर्गात आणता येते, बरं का. टायरवर खडूची खूण करा, एक फेरा पुढे न्या आणि टेपने मोजा. २६ इंची चाक साधारण २ मीटर ७ सेंटिमीटर जातं. मग एक किलोमीटरला किती फेरे? सुमारे ४८३. पुढच्या आणि मागच्या चक्राचे दातेही मोजू द्या. पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. परिघ आणि गुणोत्तर एकाच तासात होतात, आणि मुलं स्वतःची सायकल पहिल्यांदाच इतक्या जवळून बघतात.

आठवड्यातून एक दिवस, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, मुलांकडूनच हवा, ब्रेक, चेन आणि घंटी तपासून घ्या. चेनला तेलाचे दोन-चार थेंब पुरतात, जास्त घातलं की धूळ चिकटते. दप्तराच्या आतल्या कप्प्यात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि पंक्चरपुरते पैसे ठेवा. आणि वाटेत सायकल बंद पडलीच तर ढकलत शाळेत यायला हरकत नाही, उशिराबद्दल कोणी रागावणार नाही, हे आपण शिक्षकांनी मुलांना आधीच सांगून ठेवावं.