बायोगॅसची पारख

बंगळुरूच्या मल्लेश्वरम या जुन्या वसाहतीला लागूनच भारतीय विज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर आहे. विज्ञान खेड्यांच्या उपयोगी पडावे, या हेतूने 1974 मध्ये अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने तेथे ‘अस्त्र’ हा विभाग सुरू झाला. त्याच्या प्रयत्नांतून 1987 मध्ये तुमकूर जिल्ह्यातील पुरा या गावी शेणापासून मिळणाऱ्या बायोगॅसवर, थोड्या डिझेलची जोड देऊन, इंजिन चालू लागले. घरांत दिवे लागले आणि कूपनलिकेचे पाणी नळांना आले.

असे इंजिन बंद पडले, तर गावाचा उजेड आणि पाणी दोन्ही जातात. म्हणून वायू किती मिळाला याबरोबरच तो कसा आहे, हेही तपासावे लागते.

बायोगॅसमध्ये साधारणपणे 55 ते 65 टक्के मिथेन असतो. जळतो तो मुख्यतः हाच. उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा असतो. शिवाय पाण्याची वाफ आणि अल्पसा हायड्रोजन सल्फाइडही असतो. टाकीतील काही जीवाणू शेणकाल्यापासून आम्ले तयार करतात, तर दुसरे त्यांपासून मिथेन बनवतात. टाकीत एकदम जास्त खरकटे ओतले, तर आम्ले साचतात आणि मिथेन घटतो. वायू येत राहतो, पण ज्योत टिकत नाही. अशा वेळी काही दिवस भरणा थांबवणे हिताचे असते.

तपासणी अवघड नाही. 100 मिलिलिटर वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाबरोबर हलवला, की कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. 60 मिलिलिटर वायू उरला, तर मिथेन सुमारे 60 टक्के आहे असे समजावे. लेड ॲसिटेटचा ओला कागद काळा पडला, तर हायड्रोजन सल्फाइड आहे हे कळते. हा वायू इंजिन झिजवतो. तो गंजलेल्या लोखंडाच्या किसातून नेला, तर गंजच त्याला धरून ठेवतो आणि यंत्राचे लोखंड वाचते.

नाकावर मात्र विसंबू नये. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी असते. परंतु त्याचे प्रमाण फार वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येत नाही म्हणून टाकीत उतरणे प्राणघातक ठरू शकते.

यासाठी वहीत रोजची नोंद ठेवावी. बिघाड डोळ्यांना दिसण्यापूर्वी तो नोंदींतील आकड्यांत उमटतो.