बाहेरची हार्डडिस्क जोडली की लॅपटॉप का बंद पडतो?

गावोगावच्या शाळांत, ग्रामपंचायतींत आणि कितीतरी शेतकऱ्यांच्या घरीही आता लॅपटॉप आला आहे. त्याच्या पाठोपाठ पंजात मावेल एवढी बाहेरची हार्डडिस्कही आली. शाळेचे निकाल, मुलांच्या दाखल्यांच्या नोंदी, सातबाराच्या प्रती, लग्नकार्यातले फोटो, सगळे त्या एका डबीत ठेवलेले असते. आणि मग एके दिवशी तक्रार येते, की डिस्क जोडली रे जोडली की लॅपटॉप बंद पडतो. कुणी म्हणतो, दिवा लागतो, आतून टिकटिक आवाज येतो, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. ‘डिस्क गेली’ असे म्हणून माणूस हवालदिल होतो. पुष्कळदा डिस्क गेलेली नसते. तिला पुरेशी वीज मिळालेली नसते. ही वीज कुठे अडते आणि ते घरच्या घरी कसे ओळखावे, याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

लॅपटॉपच्या कडेला जी चपटी खाच असते तिला यूएसबी पोर्ट म्हणतात. या पोर्टातून दोन कामे होतात. एक, माहितीची ने-आण, दुसरे, वीजपुरवठा. ही वीज 5 व्होल्टची असते आणि तिला मर्यादा आहे. यूएसबी 2.0 जातीच्या जुन्या पोर्टाने 500 मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट वीज द्यावी असे ठरलेले आहे. 2008 साली यूएसबी 3.0 आले, त्यात ही मर्यादा 900 मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट झाली. हे पोर्ट आतून बहुधा निळे असते, त्यावरून ओळखता येते.

आता डिस्कची गरज पाहू. पेनड्राइव्हमध्ये फिरणारे काही नसते, म्हणून तो थोड्या विजेवर भागवतो. हार्डडिस्कच्या पोटात मात्र चकत्या असतात आणि एक लहान मोटर त्यांना मिनिटाला हजारो फेरे देते. तुमच्या विहिरीवरचा पंप आठवा. मोटर एकदा चालू झाली की ठराविक वीज घेते, पण सुरू होताना तिला त्याच्या कितीतरी पट लागते; व्होल्टेज कमी असले तर ती नुसती गुणगुणते आणि उचलत नाही. हार्डडिस्कचेही तसेच. चालू असताना अर्धा अँपिअर घेणारी डिस्क पहिले काही क्षण एक अँपिअरच्या आसपास मागते. पोर्टाला तेवढे झेपले नाही, तर चकत्या पुरत्या वेगात येत नाहीत. मग डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि तीच टिकटिक आपल्याला ऐकू येते.

तुम्ही म्हणाल, कालपर्यंत हीच डिस्क याच लॅपटॉपवर चालत होती, मग आजच काय झाले? याचे उत्तर पुष्कळदा केबलमध्ये सापडते. डीपीपासून मळ्यापर्यंत लांबलचक बारीक वायर ओढली, की टोकाला व्होल्टेज पडते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. यूएसबीच्या स्वस्त केबलमधली तार केसासारखी बारीक असते. दोन मीटरच्या अशा केबलमध्ये जाऊन-येऊन सुमारे 0.8 ओहम रोध होतो. एक अँपिअर वीज ओढताच 5 पैकी 0.8 व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि डिस्कच्या हाती 4.2 उरतात. तेवढ्यावर तिचे भागत नाही. त्यात केबल वाकून वाकून आतून पिचली असेल, पोर्टात धूळ बसली असेल, तर आणखी घट. म्हणून पहिला उपाय अगदी साधा: डिस्कबरोबर आलेली आखूड, जाड केबल वापरा, आणि शक्य तर निळे पोर्ट निवडा.

इथवर फक्त डिस्क चालत नव्हती. पण लॅपटॉपच बंद पडत असेल, तर प्रकरण वेगळे आहे. डिस्कने जास्त वीज ओढली तर तेवढे पोर्ट बंद व्हावे, अशी योजना लॅपटॉपमध्ये असते. घरातल्या फ्यूजसारखीच ती. तेव्हा पडद्यावर ‘पॉवर सर्ज’ असे शब्द येतात. एवढे होऊनही सगळा लॅपटॉप बसतो, याची कारणे मुख्यतः दोन. एक तर त्याचा स्वतःचा वीजपुरवठा कमजोर आहे, नाहीतर कुठेतरी शॉर्ट झाले आहे.

कमजोरी ओळखण्याची रीत सोपी आहे. चार्जर लावलेला असताना डिस्क ठीक चालते आणि नुसत्या बॅटरीवर लॅपटॉप बंद पडतो, तर बॅटरी थकली आहे. अशी बॅटरी पडद्यावर चाळीस टक्के दाखवते आणि थोडा भार वाढताच एकदम कोसळते. थकलेल्या बैलाच्या गाडीवर आणखी एक पोते टाकावे, तसे होते. बॅटरी फुगून लॅपटॉपचे बूड वर आले असेल, तर तो वापरूच नका. उलट चार्जर लावल्यावरच गडबड होत असेल, तर चार्जरवरचे वॅट वाचा. 65 वॅटच्या लॅपटॉपला कुणीतरी 45 वॅटचा चार्जर लावलेला असतो.

शॉर्टची शंका असेल, तर क्रमाने जा. आधी लॅपटॉप बंद करून बॅटरीच्या उजेडात पोर्ट पाहा. आतली पितळी पाती वाकून एकमेकींना किंवा बाहेरच्या पत्र्याला टेकली असतील, तर ते पोर्ट वापरू नका. पाती ठीक असतील, तर ज्यात महत्त्वाचे काही नाही असा पेनड्राइव्ह त्याच पोर्टात लावा. त्यानेही लॅपटॉप बंद पडला, तर दोष पोर्टाचा किंवा लॅपटॉपचा. पेनड्राइव्ह नीट चालला, तर डिस्कची केबल बदलून दुसऱ्या पोर्टात लावून पाहा. केबल बदलूनही प्रत्येक पोर्टात लॅपटॉप बसतो, असे झाले तर शंका डिस्कवरच येते. मग थांबा. तीच डिस्क शेजाऱ्याच्या किंवा शाळेच्या दुसऱ्या लॅपटॉपला लावून ‘बघू तरी’ म्हणू नका. शॉर्ट झालेली वस्तू दुसरे यंत्रही बिघडवू शकते.

बंद पडलेला लॅपटॉप पुन्हा चालूच होत नसेल, तर घाबरू नका. डिस्क काढा, चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग नुसता चार्जर लावून पाहा. पुष्कळ लॅपटॉप एवढ्याने उठतात.

दोष नुसत्या अपुऱ्या विजेचा ठरला, तर त्यावर खात्रीचा इलाज म्हणजे स्वतःचा चार्जर असलेला यूएसबी हब. तो डिस्कला वीज आपल्या चार्जरमधून देतो आणि लॅपटॉपकडे फक्त माहितीचे काम उरते. टेबलावर ठेवायच्या मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला तर 12 व्होल्टही लागतात. ते पोर्टातून मिळत नाहीत, म्हणून तिचा स्वतंत्र चार्जर लावल्याशिवाय ती चालायचीच नाही. आणि डिस्क सुरू होऊन थोड्या वेळाने आपोआप नाहीशी होत असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब उघडून, पॉवर मॅनेजमेंटखालची वीज वाचवण्याची खूण काढून टाका.

शेवटची गोष्ट शिक्षक बंधुभगिनींनी विशेष ध्यानात घ्यावी. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज तुटली, तर अर्धवट लिहिलेली फाइल तर जातेच, पण कधीकधी डिस्कवरची सगळी सूचीच बिघडते आणि आतला मजकूर असूनही सापडत नाही. म्हणून भारनियमनाच्या वेळी, संपत आलेल्या बॅटरीवर वर्षाचे निकाल डिस्कवर चढवू नयेत. काम झाल्यावर आधी ‘इजेक्ट’ करावे आणि मगच केबल ओढावी. चांगली केबल आणि पुरेशी वीज देऊनही डिस्क टिकटिकत राहिली, तर मात्र ती आतूनच बिघडली आहे असे समजावे. दहा वेळा लावून पाहण्याने चकत्यांवर ओरखडे पडतात आणि जाणकाराला जे वाचवता आले असते, तेही जाते.

बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही. शाळेच्या नोंदींनाही तोच नियम लावावा. एक प्रत लॅपटॉपवर, एक डिस्कवर आणि एक तिसऱ्या ठिकाणी असली, म्हणजे एखाद्या दिवशी वीज कुठे अडली, तरी मुलांचे वर्ष अडणार नाही.