धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला का?

आज आपण एक साधाच प्रश्न घेणार आहोत. पोट भरलं की आपल्याला कळतं. पण मन भरलं हे कसं कळायचं?

योहानकृत शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायात एक शोमरोनी स्त्री भर दुपारी विहिरीवर येते. तिला पाच नवरे होऊन गेलेले आहेत. येशू तिच्याशी जिवंत पाण्याविषयी बोलतो. बघा, तुला तहान का लागते, असं तो तिला विचारत नाही. तहान देवानेच मनुष्याच्या अंतःकरणात ठेवली आहे. ती आपण कशाने भागवू पाहतो, हा खरा प्रश्न आहे.

आता आपण म्हणू, पैसा आणि मान यांनी मन भरत नाही हे आम्हाला ठाऊक आहे; म्हणूनच तर आम्ही देवाकडे आलो. पण इथे जरा थांबू या.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. दुष्काळाच्या काळात आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. एवढी विद्वत्ता, एवढा मान. तरी शोध संपला नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. आता तरी तृप्ती मिळाली असेल, नाही का?

त्या स्वतः आपल्या साक्षीत सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं : आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नाही. विधी झाले होते, अभ्यास झाला होता, सत्कर्मं चालू होती. राहिलं होतं ते एवढंच की, रिकाम्या हातांनी, पापी म्हणून त्याच्यापाशी यायचं आणि तो देतो ते फुकट घ्यायचं.

मग त्यानंतर सगळं सुखाचं झालं का? नाही. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंचं मन किती तुटलं असेल! तरीही केडगावच्या मुक्ती सदनात, १९२२ साली देह ठेवीपर्यंत, त्या पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम करीत राहिल्या. ख्रिस्तातली तृप्ती म्हणजे दुःख न येणं नव्हे. सगळं हातून गेलं तरी जो जात नाही, तो आपल्याजवळ असणं, ही तृप्ती.

आपणही नेमाने मंदिरात जातो, व्याख्यानं ऐकतो. चांगलंच आहे ते. पण विहिरीची माहिती ऐकून तहान भागत नाही; पाणी प्यावं लागतं. म्हणून आज रात्री प्रार्थनेला बसल्यावर मागण्यांची यादी थोडा वेळ बाजूला ठेवू या. 'प्रभू, मला तूच हवा आहेस' एवढंच म्हणू या आणि त्याच्यापाशी शांत बसू या.