ब्राउझर व सर्व्हर यांना सामाईक असणाऱ्या जावास्क्रिप्टमधील मॉड्यूल व्यवस्थापन : अर्ज-तपासणीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
प्रवेश, परीक्षा व शिष्यवृत्ती यांचे अर्ज आता बहुतांशी संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर भरले जातात. हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावातील विद्यार्थ्याचा कार्यालयाशी येणारा पहिला संबंध पडद्यावरील रकान्यांशीच असतो. त्या रकान्यांतील माहिती दोनदा तपासली जाते. प्रथम ब्राउझरमध्ये व नंतर सर्व्हरवर. पहिली तपासणी सोयीची, तर दुसरी निर्णायक असते. दोहोंचे नियम स्वतंत्रपणे लिहिले गेले की ते कालांतराने एकमेकांपासून दूर जातात आणि एकाने स्वीकारलेला अर्ज दुसरा नाकारतो. प्रस्तुत लेखात यावरील उपायाचे, म्हणजेच सामाईक मॉड्यूल व डिपेंडन्सी इंजेक्शन यांचे, विवेचन केले आहे.

मॉड्यूल संकल्पनेची वाटचाल :
ब्रेंडन आयक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट तयार केली, तेव्हा तिच्यात मॉड्यूलची सोय नव्हती. २००९ मध्ये रायन डाल यांच्या नोड डॉट जेएसमुळे ती सर्व्हरवर रुजली व तेथे कॉमनजेएस पद्धती स्वीकारली गेली. फाइल तत्काळ वाचता येते हे त्या पद्धतीचे गृहीतक होय. सर्व्हरच्या डिस्कबाबत ते खरे आहे. ब्राउझरला मात्र फाइल नेटवर्कवरून मागवावी लागते. म्हणून ब्राउझरसाठी एएमडी ही निराळी पद्धती आली, फाइल्स एकत्र बांधणारी ब्राउझरिफायसारखी साधने आली आणि अखेर २०१५ च्या एक्मास्क्रिप्ट मानकात ‘इम्पोर्ट’ व ‘एक्स्पोर्ट’ हे भाषेचेच भाग झाले. नवीन काम याच पद्धतीने करावे. सरमिसळ केल्यास एकाच मॉड्यूलच्या दोन प्रती स्मृतीत येऊ शकतात, आणि तो दोष शोधणे मोठे जिकिरीचे असते.

सामाईक मॉड्यूलमध्ये काय असावे :
तेथे केवळ नियम असावेत. मराठी अर्जाचे नियम वाटतात त्याहून नाजूक आहेत. जावास्क्रिप्टच्या लेखी ‘१२’ ही संख्याच नव्हे. देवनागरी अंकांचे आधी रूपांतर करावे लागते. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने अथवा ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत मात्र भिन्न ठरतात. नाव जुळत नाही असे उत्तर मिळालेल्या विद्यार्थ्याला आपले काय चुकले हे डोळ्यांनी कधीच कळणार नाही. वस्तुतः त्याचे काहीच चुकलेले नसते. अंकांचे रूपांतर व ‘नॉर्मलाइझ’ या क्रियेने होणारे प्रमाणीकरण एकाच मॉड्यूलमध्ये ठेवल्यास दोन्ही बाजूंना एकच निकाल मिळतो.

अवलंबन बाहेरून पुरविणे :
खरी अडचण बाहेरील जगावर अवलंबून असणाऱ्या नियमांत येते. समजा, एखाद्या योजनेस १८ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे आणि १५ जूनला १८ वर्षे पूर्ण करणारी विद्यार्थिनी त्याच दिवशी रात्री १ वाजता अर्ज भरते. वयाच्या मॉड्यूलने ‘आजची तारीख’ स्वतःच यंत्राला विचारली, तर ब्राउझर १५ जून सांगेल. जागतिक प्रमाणवेळेवर चालणाऱ्या सर्व्हरवर मात्र तेव्हा १४ जूनचे सायंकाळचे साडेसात वाजलेले असतात, कारण भारतीय वेळ ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. नियम एकच, फाइलही एकच, तरी निकाल दोन! सामाईक मॉड्यूल केले म्हणजे काम संपले, ही समजूत येथेच फोल ठरते.

यासाठी मॉड्यूलने तारीख स्वतः न शोधता ती मापदंड म्हणून स्वीकारावी. ब्राउझर व सर्व्हर यांची प्रत्येकी एक आरंभ-फाइल असावी व तिने आवश्यक त्या गोष्टी आत पुरवाव्यात. सर्व्हरच्या आरंभ-फाइलने ‘एशिया/कोलकाता’ या कालविभागानुसार काढलेली तारीख द्यावी. विद्यार्थ्याच्या यंत्रातील घड्याळ चुकीचे असू शकते, म्हणून अंतिम निर्णय सर्व्हरचाच राहतो. डेटाबेस केवळ सर्व्हरला व पडद्यावरील घटक केवळ ब्राउझरला उपलब्ध असतात. त्यांनाही हेच तत्त्व लागू होते. सामाईक मॉड्यूलने यांपैकी काहीही थेट इम्पोर्ट केले की ते एका बाजूस निरुपयोगी होते.

डिपेंडन्सी इंजेक्शन ही संज्ञा मार्टिन फाउलर यांच्या २००४ मधील लेखामुळे रूढ झाली. जावास्क्रिप्टमध्ये अँग्युलरजेएसने ती लोकप्रिय केली. ती चौकट फंक्शनच्या मापदंडांची नावे वाचून कोणती सेवा द्यायची हे ठरवीत असे. परंतु फाइल लहान करणारी साधने तीच नावे ‘ए’, ‘बी’ अशी बदलीत व प्रणाली बंद पडे. म्हणून नावे पुन्हा अक्षरमालेच्या रूपात लिहून द्यावी लागत. महाविद्यालयीन आकाराच्या प्रणालीस अशा यंत्रणेची गरज नाही. फंक्शनला मापदंड देणे एवढेच पुरेसे आहे.

या रचनेमुळे चाचणीही सुलभ होते. २९ फेब्रुवारी २००८ रोजी जन्मलेल्या विद्यार्थ्याचे वय तपासण्यासाठी हवी ती तारीख मॉड्यूलला देता येते, त्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. २०२६ मध्ये त्याची १८ वर्षे २८ फेब्रुवारीस पूर्ण धरावीत की १ मार्चला, हे मात्र प्रोग्रामरने परस्पर न ठरविता कार्यालयाने लेखी कळवावे.