जीडीपी वाढला म्हणजे नोकऱ्या वाढल्या?

विकासदराचा आकडा जाहीर झाला की टीव्हीवरचं भांडण ठरलेलं. एक म्हणतो, ‘विकास सात टक्के, म्हणजे नोकऱ्या वाढल्याच असणार!’ दुसरा म्हणतो, ‘नोकऱ्या दिसत नाहीत, म्हणजे आकडा खोटा!’ दोघांचा गैरसमज एकच, हे त्यांना कोण सांगणार?

हिशेब शाळकरी आहे. काम करणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकामागचं उत्पादन, की झालं देशाचं उत्पादन. म्हणून विकासदर म्हणजे ढोबळमानाने रोजगारवाढ अधिक उत्पादकतावाढ. सहा टक्के दोन अधिक चारनेही होतात, शून्य अधिक सहानेही.

शून्य मी उगाच घेतलेलं नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २००४-०५ ते २००९-१० मध्ये देशातला एकूण रोजगार जवळपास होता तिथेच राहिला. त्याच काळात, जीडीपीच्या तेव्हाच्या आकडेमालिकेनुसार, अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी आठ टक्क्यांहून जास्त वाढली. आकडा खोटा नव्हता आणि नोकऱ्यांची तक्रारही खरीच होती.

आता उलट बाजू. ‘रोजगार वाढला’ म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी श्रमबल सर्वेक्षण नीट वाचावं. २०१७-१८ ते २०२३-२४ दरम्यान स्वयंरोजगारातल्यांचं प्रमाण ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेलं, शेतीतल्यांचं ४४.१ वरून ४६.१ वर. घरच्या शेतात बिनपगारी राबणारी सूनही या मोजणीत ‘रोजगारात’ असते. एवढ्या माणसांच्या शेतीचा मूल्यवर्धनातला वाटा साधारण १८ टक्के. म्हणजे शेतीबाहेरचा माणूस सरासरीने जवळजवळ चौपट मूल्य निर्माण करतो. शेतातला माणूस बऱ्या कामावर कारखान्यात गेला, तर दोन्हीकडे काहीही न सुधारता देशाची उत्पादकता वाढते. तो परत शेतात आला की तीच घसरते, भले रोजगाराचा आकडा तसाच राहो.

बाकीचे गैरसमज किरकोळ. उत्पादकता म्हणजे जास्त तास राबणं? ओईसीडीच्या आकडेवारीत मेक्सिकोचा कामगार जर्मनापेक्षा वर्षाला कितीतरी जास्त तास काम करतो, तरी तासामागचं उत्पादन जर्मनीचंच कैक पट. तरुण लोकसंख्या म्हणजे आपोआप विकास? हाताला काम नसेल तर ती बेरजेत येतच नाही. उत्पादकता वाढली की पगार वाढणारच? तसा कुठलाही नियम नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नुसता विकासदर ऐकून वाद घालू नका. त्यात रोजगाराचा वाटा किती आणि उत्पादकतेचा किती, ते विचारा. त्याचं उत्तर शोधायला रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर ‘क्लेम्स’ नावाचा माहितीसाठा आहे. तो सगळ्यांना खुला आहे, टीव्हीवाल्यांनासुद्धा.